उरलेल्या तुकड्यांची गोधडी: मापं, माया, टाके आणि बिघडलं तर काय

निळी_रीळ

शिवणकामातून उरलेल्या तुकड्यांची गोधडी करायची तर सुरुवात कुठून करावी, याची माहिती एका जागी असावी म्हणून हा धागा. नवीन कापड आणून केलेली गोधडी आणि चिंध्यांची गोधडी यांत मुख्य फरक असा, की चिंध्यांच्या पिशवीत जाड-पातळ, नवं-जुनं, सुती-पॉलिस्टर, सरळ-तिरकं सगळं एकत्र कोंबलेलं असतं. नक्षीचं नंतर पाहू. आधी तुकडे एका पंगतीला बसतील असे करावे लागतात.

पहिली वर्गवारी कापडाच्या वजनाने करावी, रंगाने नाही. पॉपलीन, कॅम्ब्रिक, शर्टाचं सुती कापड एका ढिगात. जीन्स, कॅनव्हास, पडद्याचं कापड दुसऱ्या. टी-शर्टचं होजिअरी तिसऱ्या. रेशीम, जॉर्जेट, शिफॉन चौथ्या. पहिल्या ढिगाची गोधडी सर्वांत सोपी आणि टिकाऊ. एकाच शिवणीत एका बाजूला जीन्स आणि दुसऱ्या बाजूला मलमल आली, तर धुताना सगळा ताण मलमलीवर येतो आणि ती शिवणीलगत फाटते. टीप शाबूत राहते, कापड जातं.

जुने कपडे कापत असाल तर तुकडा उजेडासमोर धरा. धागे विरळ दिसले, कापड जाळीसारखं वाटलं, तर तो बाजूला काढा. शर्टाची पाठ आणि खालचा घेर सहसा चांगला निघतो. कोपर, कॉलरची घडी आणि काखेजवळचं कापड घेऊ नये.

आता मापं जाणकारांनी सांगावीत. साधारण ६० × ८८ इंचांच्या गोधडीला किती तुकडे लागतात?

पाव_इंच

हे तुकडा केवढा कापता त्यावर ठरतं, आणि इथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो. शिवणीत प्रत्येक बाजूने पाव इंच माया (टिपेपलीकडे दडणारं जादा कापड) जाते, म्हणून कापताना शिवून हव्या असलेल्या मापात अर्धा इंच मिळवायचा. ६० × ८८ इंचांसाठी हिशोब असा:

साडेचार इंचांचे चौकोन (शिवून ४): १५ × २२ = ३३० तुकडे, सुमारे ४.३ चौरस मीटर कापड.
अडीच इंचांचे (शिवून २): ३० × ४४ = १३२० तुकडे, सुमारे ५.३ चौरस मीटर.
दीड इंचांचे (शिवून १): ५२८० तुकडे, सुमारे ७.७ चौरस मीटर.

वरून दिसणारं क्षेत्र तिन्हींत तेच, साधारण ३.४ चौरस मीटर. बाकीचं मायेत जातं. दीड इंचाच्या चौकोनात निम्म्याहून जास्त कापड शिवणीखाली दडतं, त्यामुळे ती गोधडी जड होते आणि हाताने टाके घालताना सुई आत जाता जात नाही. सगळी गोधडी दीड इंचांची करू नका, मधेमधे घ्या.

वजनात सांगायचं तर चौरस मीटरला १४० ग्रॅम असलेलं मध्यम सुती कापड साडेचार इंचांच्या चौकोनांना साधारण ६०० ग्रॅम लागतं. वेड्यावाकड्या चिंध्यांतून कापताना निदान चौथाई वाया जातं, म्हणून पाऊण ते एक किलो तुकडे हाताशी असू द्या.

दीड, अडीच, साडेतीन, साडेचार ही मापं मी मुद्दाम घेतली, कारण ती एकमेकांत बसतात. अडीच इंचांचे चार चौकोन जोडले की साडेचार इंचांचा ठोकळा होतो, दीड इंचाचे नऊ जोडले की साडेतीनचा. तुकडा हाती आला की त्यातून निघेल तेवढा मोठा चौकोन कापायचा, उरलेल्यातून पुढचं लहान माप, आणि लांबट उरलं तर दीड किंवा अडीच इंच रुंद पट्टी. चार डब्यांवर चार मापं लिहून ठेवली की चिंध्यांचा ढीग उरत नाही.

उभाआडवा

कापण्याआधी दोन गोष्टी बघा, धागा आणि जात.

धागा: तुकडा दोन्ही हातांत धरून ओढा. उभ्या धाग्यावर कापड जवळजवळ ताणत नाही, आडव्यावर किंचित देतं, आणि कर्णावर, म्हणजे उरेबमध्ये, रबरासारखं लांबतं. काठ शिल्लक असेल तर उभा धागा त्याला समांतर असतो. काठ नसेल तर कडेचा एक धागा उसवून ओढा. तो जिथे सरळ निघतो ती तुमची रेघ. चौकोनाच्या चारही कडा उभ्या-आडव्या धाग्यावर आल्या पाहिजेत. उरेब कड शिवताना लांबते आणि इस्त्रीखाली आणखी लांबते. तुकडा चौकोनी कापलेला असला तरी शिवून पतंगासारखा होतो.

जात: संशय असेल तर कडेचे चार धागे काढून चिमट्यात धरा आणि पाण्याच्या वाटीवर जाळून पाहा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राखाडी मऊ राख होते. पॉलिस्टर वितळतं आणि थंड झाल्यावर टणक मणी उरतो. मिश्र कापडात दोन्ही खुणा दिसतात. पॉलिस्टर चालेल, पण सुतीची गरम इस्त्री त्यावर फिरली की ते आक्रसतं, म्हणून त्याचे तुकडे वेगळ्या डब्यात.

नवी_सुई

तुकडे आधी धुवायचे की नाही? लहान तुकडे मशीनमध्ये घातले की दोऱ्यांचा गुंता होतो.

उभाआडवा

मशीनमध्ये नकोच. बादलीत कोमट पाणी आणि थोडी साबण पावडर, तुकडे अर्धा तास भिजवून ठेवा, पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि पसरून वाळवा. किंचित ओलसर असताना इस्त्री केली की चुण्या जातात.

वापरलेल्या कपड्यांचे तुकडे बहुधा आटून झालेले असतात. नवीन सुती कापड पहिल्या धुण्यात साधारण ३ ते ५ टक्के आटतं, म्हणजे चार इंचांत ३ ते ५ मिलिमीटर. जुना आणि नवा तुकडा शेजारी आले की पहिल्या धुण्यानंतर नवा ओढून घेतो आणि जुना फुगतो. म्हणून नवे तुकडे तरी भिजवाच. गडद लाल, काळा, गडद निळा, जांभळा असेल तर ओल्या तुकड्यावर पांढरा सुती रुमाल घासून पाहा. रंग लागला तर तुकडा पुन्हा पुन्हा धुवा. तरी लागतच राहिला तर गोधडीत घेऊ नका. मीठ किंवा व्हिनेगर घातल्याने आधीच रंगवलेल्या कापडाचा सुटणारा रंग पक्का होत नाही, त्यावर विसंबू नये.

नवी_सुई

चौकोन सारखे कापले तरी ओळी जुळत नाहीत. पंधरा चौकोनांची एक ओळ दुसरीपेक्षा जवळजवळ पावणेदोन इंच तोकडी भरते. चूक कापण्यात आहे की शिवण्यात?

पाव_इंच

नवी_सुई, तुमचा आकडाच उत्तर देतोय. पंधरा चौकोनांत चौदा शिवणी. प्रत्येक शिवणीत माया पाव इंचाऐवजी अर्धा सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जास्त गेली, तर दोन्ही तुकड्यांचं मिळून एक सूत जातं. चौदा सूत म्हणजे पावणेदोन इंच. कापणं बरोबर आहे, एका ओळीची शिवण रुंद पडली आहे.

याची परीक्षा अशी. दीड इंच रुंद आणि सहा इंच लांब तीन पट्ट्या कापा, शेजारीशेजारी जोडा, इस्त्री करा आणि रुंदी मोजा. बरोबर साडेतीन इंच भरली पाहिजे, आणि मधली पट्टी नेमकी एक इंच दिसली पाहिजे. साडेतीनला एक सूत कमी भरली, तर प्रत्येक शिवणीत अर्धा सूत जास्त कापड जातंय. सुई एक घर उजवीकडे सरकवा किंवा मार्गपट्टी हलवा आणि पुन्हा शिवून मोजा. पट्टीने सुईपासून मोजलेला पाव इंच बरोबर असूनही कमी भरते, कारण दोऱ्याची जाडी आणि घडीचं वळण थोडं कापड खातं. म्हणून माया पाव इंचाला एक धागा कमी पडायला हवी.

मशीनच्या पाटीवर मास्किंग टेपचे पाच-सहा थर एकावर एक चिकटवले की छोटी भिंत तयार होते आणि कापड तिला टेकून सरळ जातं. टाक्याची लांबी २ ते २.५ मिलिमीटर. सुरुवातीला कोपरा मशीनच्या कापड सरकवणाऱ्या दात्यांत ओढला जात असेल, तर आधी एका चिंधीवर चार टाके घाला आणि न थांबता खरा तुकडा लावा. तुकडे एकामागोमाग साखळीसारखे शिवत गेलात तर दोराही वाचतो.

अंगुस्तान

इस्त्रीबद्दल कुणी लिहिलं नाही. निम्मे ठोकळे तिथेच बिघडतात. इस्त्री फिरवायची नाही, ठेवायची आणि उचलायची. आधी शिवण जशी आहे तशी बंद ठेवून दाबा म्हणजे टाका कापडात बसतो, मग उघडून माया एका बाजूला. शक्यतो गडद तुकड्याकडे, नाहीतर फिक्या तुकड्याखालून सावली दिसते.

पहिल्या ओळीची माया डावीकडे, दुसरीची उजवीकडे, तिसरीची पुन्हा डावीकडे. ओळी समोरासमोर ठेवल्या की दोन शिवणींच्या कडा एकमेकींना अडतात. बोटांनी चाचपलं तर नेमकी खाच जाणवते. तिथे एक टाचणी तिरकी लावा, कोपरा केसभरही सरकत नाही.

निळी_रीळ

माया दोन्ही बाजूंना उघडून दाबली तर? मला ती सपाट आणि बरी वाटते.

अंगुस्तान

आठ टोकं एकत्र येतात अशा ताऱ्यासारख्या नक्षीत आणि जीन्समध्ये उघडीच हवी, नाहीतर गाठ होते. साध्या चौकोनांत मी एका बाजूलाच दाबेन. उघड्या शिवणीत दोन तुकड्यांना फक्त दोरा धरून ठेवतो, आणि मशीनवर शिवताना सुई नेमकी शिवणीत गेली तर तो दोरा तुटू शकतो.

काठपट्टी

चौकोन निघत नाहीत अशा अरुंद, वाकड्या, उरेब चिंध्यांसाठी आधाराच्या कापडावर पट्ट्या शिवण्याची पद्धत सर्वांत चांगली. खरं तर चिंध्यांची गोधडी म्हणजे हीच, असं माझं ठाम मत आहे. इथे धाग्याची दिशा पाहावी लागत नाही, कारण ताण आधाराचं कापड घेतं.

पातळ जुनी सुती चादर किंवा मलमल ९ × ९ इंच कापा. एक पट्टी कर्णावर मधोमध, सुलट बाजू वर. दुसरी पट्टी तिच्यावर सुलट बाजू खाली करून, उजव्या कडा जुळवून ठेवा. पाव इंचावर टीप मारा, पट्टी उलटवा, दाबा. मग पुढची. एक बाजू भरली की दुसरी. पट्ट्या एक ते अडीच इंच रुंद आणि एका टोकाला निमुळत्या असल्या तरी चालतात. कोपऱ्यात येणारी शेवटची पट्टी मात्र रुंद ठेवा. तिथे अरुंद पट्टी आली तर ती पुढच्या शिवणीत अख्खी गडप होते आणि चार थरांचा टणक गोळा उरतो. शेवटी ठोकळा उलटा करून साडेआठ इंचांवर छाटा.

छाटणी सगळं झाल्यावरच करायची. आधार नेमका साडेआठचा कापून सुरुवात केली तर प्रत्येक टिपेबरोबर तो थोडा गोळा होतो आणि शेवटी सव्वाआठ भरतो. अर्धा इंच जादा घ्यायचं कारण हेच.

कापडाऐवजी जुना कागदही चालतो. मग टाका दीड मिलिमीटर ठेवा म्हणजे कागद भोकांवर सहज फाटतो, आणि सुई ९० नंबरची. ठोकळे एकमेकांना जोडून झाल्यावर कागद काढा, आधी काढलात तर उरेब कडा लांबतात. कापडाचा आधार आतच राहतो, त्यामुळे मधली भर (वरचा थर आणि अस्तर यांच्यामधला थर) पातळ घ्यावी किंवा घेऊच नये.

होजिअरी आणि रेशमी तुकडेही याच पद्धतीने वापरता येतात, मात्र पाठीमागे पातळ चिकट कॅनव्हास इस्त्रीने लावून घ्या. जॉर्जेट तरीही सरकतं. मी ते गोधडीत घेणार नाही.

नवी_सुई

रंग कसे लावायचे? सगळं एकत्र केलं की नुसता गोंधळ दिसतो.

काठपट्टी

गोंधळ बहुतेक वेळा रंगांमुळे होत नाही, सगळे तुकडे मध्यम छटेचे असल्यामुळे होतो. तुकडे जमिनीवर मांडा आणि मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा. एकसारखा करडा दिसला तर फिके आणि गडद तुकडे वाढवा. प्रत्येक ठोकळ्याच्या एका कर्णार्धात फिके आणि दुसऱ्यात गडद इतकं पाळलं, तरी पन्नास प्रकारच्या चिंध्या शांत दिसतात. दुसरा उपाय म्हणजे एकच कापड प्रत्येक ठोकळ्यात यावं, वरच्या पद्धतीत ती मधली कर्णाची पट्टी. नजरेला धरायला काहीतरी मिळतं.

जीन्सच्या तुकड्यांत विटलेला भाग टाकू नका. खिसा उसवला की त्याखाली गडद निळा चौकोन राहतो, तो नक्षीच आहे. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या गीज बेंड या वस्तीतल्या स्त्रियांनी झिजलेल्या कामाच्या कपड्यांतून अशाच गोधड्या केल्या. २००२ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात त्यांचं प्रदर्शन भरलं. त्यांतल्या रेषा पट्टीने आखलेल्या नाहीत, पण गडद-फिक्याचं भान पक्कं आहे.

पाव_इंच

भोवती पट्टी लावणार असाल तर एक सावधगिरी. पट्टी लांब ठेवून कडेने शिवत जायचं आणि उरलेलं कापायचं, असं करू नका. कडा नेहमी थोड्या लांबलेल्या असतात आणि पट्टी झालरीसारखी होते. गोधडीची लांबी मधोमध मोजा, पट्टी तेवढीच कापा, दोन्हींचे मध्य आणि चतुर्थांश टाचून घ्या आणि कड त्या मापात बसवा.

अंगुस्तान

आता तीन थर. अस्तर चारही बाजूंनी ४ इंच जास्त, म्हणजे ६८ × ९६. भर २ इंच जास्त. ४४ इंच पन्ह्याच्या कापडाचे ९६ इंचांचे दोन तुकडे उभे जोडले की काम होतं, साधारण पाच मीटर लागतं. जोडण्याआधी काठ कापून टाका. काठाची वीण घट्ट असते, धुतल्यावर वेगळी आटते आणि अस्तराच्या मधोमध चुण्यांची रेघ उमटते. इथे माया अर्धा इंच.

अस्तर उलटी बाजू वर करून फरशीवर पसरा आणि कडा टेपने चिकटवा. सपाट हवं, ताणलेलं नको. ताणलेलं अस्तर टेप काढल्यावर आखडतं आणि मागे चुण्या पडतात. त्यावर भर, त्यावर वरचा थर, हाताने मध्यापासून बाहेर सारखा करा. सेफ्टी पिना चार-चार इंचांवर लावल्या तर तीनशेच्या वर लागतात. तेवढ्या नसतील तर पांढऱ्या दोऱ्याने कच्चे टाके घाला, दोन इंचांचे, ओळीओळींत हाताच्या पंजाएवढं अंतर. कच्च्या टाक्यांना रंगीत दोरा नको, त्याचे तंतू फिक्या कापडात अडकतात.

हाताने शिवताना दोरा एक हात, म्हणजे १८ इंच. त्याहून लांब घेतला तर घासून फुलतो आणि पीळ बसून गाठी पडतात. लहान गाठ मारा, सुई सुरुवातीच्या जागेपासून इंचभर दूर वरून आत घाला, भरीतून आणून नेमक्या जागी वर काढा आणि दोऱ्याला हलका झटका द्या. टक् असा बारीक आवाज येतो आणि गाठ वरच्या कापडातून आत जाऊन भरीत अडकते. मग धावदोरा: अंगुस्तानाने, म्हणजे बोटात घालायच्या टोपीने, सुई सरळ खाली दाबायची, खालच्या हाताच्या बोटाला टोक जेमतेम लागलं की सुई आडवी करून वर काढायची, तीन-चार टाके सुईवर गोळा झाले की दोरा ओढायचा. टाक्यांच्या दोन्ही बाजूंना कापड किंचित फुगलं पाहिजे. टाक्यांच्या ओळीतच सुरकुती आली तर ओढ जास्त झाली.

बारीक कामात इंचाला ६ ते ८ टाके. जाड दोऱ्याने ३ ते ४ टाकेही छान दिसतात आणि चिंध्यांच्या गोधडीला तेच जास्त शोभतात. प्रत्येक टाका अस्तरावरही दिसतो ना, हे अधूनमधून उलटून पाहा.

नवी_सुई

दोन ओळींत अंतर किती?

अंगुस्तान

तयार भर घेतलीत तर पाकिटावर लिहिलेलं असतं, प्रकाराप्रमाणे २ ते १० इंच. सुट्या कापसाची असेल तर २ इंचांच्या आत राहा, नाहीतर धुतल्यावर गोळे होतात. जुनी चादर किंवा पातळ ब्लँकेट मधे घातलं तर ते विणलेलं असल्याने सरकत नाही, ४ इंचही चालतं.

उभाआडवा

मशीनवर शिवणाऱ्यांनी तिन्ही थर बरोबर ओढणारा वॉकिंग फूट लावावा, टाका ३ ते ३.५ मिलिमीटर. साधा फूट वरचा थर पुढे ढकलतो आणि दाते खालचा मागे ओढतात, त्यामुळे प्रत्येक आडव्या शिवणीपाशी वरच्या थरात चिमटा बसतो. पहिली ओळ मधोमध, मग अर्ध्या भागात बाहेरच्या दिशेने. शेजारच्या ओळी उलटसुलट दिशांनी मारल्या तर कापड तिरकं ओढलं जातं, म्हणून सगळ्या ओळी एकाच टोकापासून सुरू करा. गोधडीचं वजन टेबलावर किंवा मांडीवर राहू द्या. ते खाली लोंबलं की टाके मधेच बारीक होतात.

काठपट्टी

कडेच्या गोटासाठी: परिघ २९६ इंच, कोपरे आणि जोड धरून ३०८ इंच पट्टी. अडीच इंच रुंद, दुहेरी दुमडून. कड सरळ असेल तर उरेब लागत नाही. चिंध्यांतून करत असाल तर तुकडे तिरके जोडा. सरळ जोडले तर सगळी माया एकाच जागी येऊन गाठ होते. शिवण्याआधी पट्टी गोधडीभोवती नुसती फिरवून पाहा. जोड कोपऱ्यावर येत असेल तर सुरुवात हातभर पुढे सरकवा. कोपऱ्याला कडेच्या पाव इंच आधी थांबा, पट्टी वर दुमडून मग खाली आणा.

निळी_रीळ

वापरात एखादा तुकडाच फाटला तर? पूर्ण गोधडी उसवायची का?

अंगुस्तान

अजिबात नाही. फाटलेला तुकडा काढूही नका. त्या मापापेक्षा सगळीकडून पाव इंच मोठा नवा तुकडा कापा, आधी धुतलेला, नाहीतर आटून भोवतालचं कापड ओढेल. कडा आत दुमडून इस्त्री करा, जुन्या तुकड्यावर बसवा आणि घडीच्या कडेतून बारीक हेम टाका घाला, इंचाला दहा-बारा. हे टाके फक्त वरच्या थरात घ्यायचे. मग तिथून जाणाऱ्या धावदोऱ्याच्या जुन्या ओळी नव्या तुकड्यावरून तिन्ही थरांतून पुन्हा घाला. हे राहिलं तर नवा तुकडा सुटा राहून फुगतो आणि पुढच्या धुण्यात आधी त्याच्याच कडा उसवतात.